जन्मठेप नक्की कोणाला झाली

मागच्या महिन्यात आमच्याकडे रविवारी दुपारी सात-आठ जण जमले होते, जेवणं उरकली आणि मी हट्टाने सगळ्यांना 'द सीक्रेट इन देअर आईज' बघायला बसवलं. अर्जेंटिनाचा पिक्चर, भाषा स्पॅनिश, खाली सबटायटल्स, त्यामुळे पहिली वीस मिनिटं कुरकुर झाली, मग हळूहळू सगळे गप्प झाले. शेवटच्या सीनला माझा मामेभाऊ एकदम टाळ्या वाजवायला लागला, "बरं झालं, अस्संच पाहिजे हरामखोराला", आणि मग बाकीच्यांनीही वाजवल्या. आत्या तेवढी नुसती बघत बसली होती. मला त्या टाळ्या तेव्हापासून डोक्यातून जात नाहीयेत. कारण मी हा पिक्चर आत्तापर्यंत चार-पाच वेळा बघितलाय, दरवेळी वेगळ्या लोकांबरोबर, आणि आपल्याकडे दरवेळी लोक त्याच जागी टाळ्या वाजवतात, आणि मला दरवेळी वाटतं की अरे नाही, थांबा, इथे टाळ्या वाजवायची जागा नाहीये ही.

पुढे शेवट सांगणार आहे, त्याशिवाय बोलताच येणार नाही. बघितला नसेल तर आधी बघा आणि मग वाचा.

पिक्चर २००९ चा, हुआन होसे काम्पानेया या दिग्दर्शकाचा, आणि २०१० ला त्याला परदेशी भाषेतल्या सर्वोत्कृष्ट सिनेमाचं ऑस्कर मिळालं. एदुआर्दो साचेरीच्या २००५ च्या कादंबरीवर आहे, पटकथाही दोघांनी मिळून लिहिलीय. कादंबरीच्या नावाचा अर्थ होतो 'त्यांच्या डोळ्यांतला प्रश्न' आणि सिनेमात प्रश्नाच्या जागी 'गुपित' आलं. मला विचाराल तर कादंबरीचंच नाव जास्त खरं आहे, कारण गुपित काय ते शेवटी उघडं पडतं पण प्रश्न तसाच राहतो.

गोष्ट थोडक्यात अशी. १९७४, ब्युनोस आयर्स. लिलियाना नावाच्या एका तरुण शिक्षिकेवर तिच्याच घरात बलात्कार होतो आणि तिचा खून होतो, नुकतंच लग्न झालेलं असतं. नवरा रिकार्दो मोरालेस बँकेत कारकून. केस येते कोर्टातल्या बेन्हामिन एस्पोसितोकडे (रिकार्दो दारिन, काय काम केलंय त्या माणसाने), त्याचा दारुडा पण अफाट हुशार सहकारी सांदोवाल, आणि वरची साहेबीण इरेने. एस्पोसितो लिलियानाच्या जुन्या फोटोंचे अल्बम चाळत असतो आणि त्याच्या लक्षात येतं की गावाकडच्या दोन-तीन फोटोंत एक मुलगा कॅमेऱ्याकडे न बघता सारखा तिच्याकडेच बघतोय. इसिदोरो गोमेस. बाकी सगळा तपास त्या नजरेवरून सुरू होतो. मग गोमेसच्या पत्रांतली अनोळखी नावं कोणाची ते कळतं, ती निघतात रासिंग क्लबच्या फुटबॉल खेळाडूंची, आणि सांदोवाल दारूच्या गुत्त्यात बसून सांगतो की माणूस सगळं बदलेल, चेहरा, घर, देव, पण त्याचं वेड नाही बदलणार. म्हणून हे मॅच बघायला स्टेडियममध्ये जातात आणि तिथे तो सापडतो. तो स्टेडियमचा सलग शॉट लोक यूट्यूबवर वेगळा बघतात, बघायलाच हवा असा आहे, पण माझा विषय तो नाही.

माझा विषय हा की त्याच्या आधी काय होतं ते आपण विसरतो. तपास सुरू झाल्या झाल्या रोमानो नावाचा अधिकारी दोन गरीब बांधकाम मजुरांना पकडून आणतो, पोलीस त्यांना बेदम मारतात, ते गुन्हा कबूल करतात आणि केस क्लोज. आरोपी सापडले, कबुलीजबाब आला. एस्पोसितो कोठडीत जाऊन त्यांची सुजलेली तोंडं बघतो आणि तिथून तडक येऊन रोमानोच्या अंगावर धावून जातो. हा सीन पाच मिनिटांचा पण नसेल आणि पुढे खरा गुन्हेगार सापडतो म्हणून तो मागे पडतो. पण जरा विचार करा. त्या दिवशी जर कोणी म्हटलं असतं की कशाला खटला वगैरे, कबूल केलंय ना, ठोका जागीच, आणि खरंच ठोकलं असतं, तर सगळ्या शहराने टाळ्या वाजवल्या असत्या. दोन निरपराध मजूर मेले असते आणि गोमेस आरामात रासिंगची मॅच बघत बसला असता. म्हणजे शेवटी टाळ्या वाजवणाऱ्या माणसाला उत्तर खुद्द या पिक्चरनेच पहिल्या अर्ध्या तासात देऊन ठेवलंय.

आता गोमेस सापडतो, इरेने त्याच्या पुरुषीपणाला डिवचून डिवचून त्याच्याकडून कबुली काढते, त्याला जन्मठेप होते. इथे मोरालेसचं एक बोलणं फार महत्त्वाचं आहे. तो फाशीच्या बाजूचा नाहीये. एस्पोसितोने त्याला सांगितलेलं असतं की आरोपी सापडला तर जन्मठेप होईल, आणि तो म्हणतो मला तेच हवंय, इंजेक्शन देऊन झोपवून टाकलं तर ती सुटका झाली, त्याने म्हातारं होईपर्यंत जगावं, रिकाम्या दिवसांत. म्हणजे हा माणूस बदला घ्यायला निघालेला हिरो नाही. हा रोज ऑफिस सुटल्यावर रेल्वे स्टेशनवर जाऊन बसतो, आज हे स्टेशन उद्या ते, कधीतरी गोमेस इथून जाईल म्हणून. आणि सापडला तर मारायला नाही, पकडून द्यायला. कायद्यावर इतका विश्वास असलेला माणूस मी तरी दुसऱ्या कुठल्या थ्रिलरमध्ये बघितला नाही.

आणि मग एके दिवशी टीव्हीवर दिसतो गोमेस. तुरुंगात नाही. राष्ट्राध्यक्षा इसाबेल पेरोनच्या मागे बॉडीगार्ड म्हणून उभा.

इथे कादंबरी आणि सिनेमातला एक फरक सांगायलाच हवा. कादंबरीत खून होतो १९६८ ला. सिनेमात तो पुढे सरकवून १९७४ वर आणलाय. वरवर बघता साधी तारीख बदलली, पण सगळं बदललं. १ जुलै १९७४ ला राष्ट्राध्यक्ष हुआन पेरोन वारला आणि त्याची बायको इसाबेल खुर्चीवर बसली, आणि तिचा समाजकल्याण मंत्री होसे लोपेस रेगा याच्या आशीर्वादाने 'ट्रिपल ए' नावाची टोळी रस्त्यावर डावे, युनियनवाले, पत्रकार, विद्यार्थी यांचे मुडदे पाडत होती. सरकारलाच मारेकरी हवे होते. मग तुरुंगात सडणारा एक खुनी, हुशार, निर्दय, तो फुकट का घालवायचा? रोमानो इरेने आणि एस्पोसितोच्या तोंडावर हेच सांगतो, की हा आमच्या कामाचा माणूस आहे. आणि तिथून निघाल्यावर लिफ्टमध्ये यांच्या शेजारी गोमेस येऊन उभा राहतो, एक शब्द बोलत नाही, शांतपणे पिस्तूल बाहेर काढतो आणि सज्ज करतो. तिघं एका लिफ्टमध्ये. इरेनेचं अंग चोरणं बघा तिथे. ज्याला तुम्ही आत टाकलंत तोच आता सरकार झालाय.

दीड-दोन वर्षांत, २४ मार्च १९७६ ला, लष्कराने सत्ता घेतली आणि १९८३ पर्यंत हजारो माणसं गायब झाली. लोकशाही आल्यावर नेमलेल्या आयोगाने १९८४ मध्ये ८,९६० गायब माणसांची नोंद केली, मानवी हक्कवाल्या संघटना ३०,००० म्हणतात. सिनेमा यातलं जवळजवळ काहीच दाखवत नाही. त्या लिफ्टमध्ये दाखवतो तेवढंच. पुरतं तेवढं.

आता शेवट. १९९९. निवृत्त झालेला एस्पोसितो या केसवर कादंबरी लिहायला घेतो आणि मोरालेसला शोधत त्याच्या गावाबाहेरच्या घरी जातो. मोरालेस सांगतो की मी त्याला तेव्हाच गोळ्या घालून मारला. एस्पोसितोला पटत नाही, जो माणूस फाशीला सुटका म्हणायचा तो गोळी घालेल? तो गाडी लांब लावून परत येतो, रात्री चोरून बघतो तर मोरालेस मागच्या शेडमध्ये जेवण घेऊन चाललाय. आत गज लावलेली खोली, आणि गजाआड म्हातारा, वाकलेला, पांढराफटक गोमेस. पंचवीस वर्षं. आणि या पंचवीस वर्षांत मोरालेस त्याच्याशी एक शब्द बोललेला नाही. गोमेस गजाशी येतो आणि एस्पोसितोला विनवतो की याला सांगा, निदान माझ्याशी बोल म्हणावं. आणि मोरालेस एस्पोसितोकडे बघून एवढंच म्हणतो, तुम्ही जन्मठेप म्हणाला होतात.

इथे टाळ्या पडतात.

मला समजतं का पडतात. मीही पहिल्यांदा बघितलं तेव्हा छातीत काहीतरी मोकळं झालं होतं. पण ते वाक्य कोणाला उद्देशून आहे बघा ना. ते गोमेसला नाहीये, ते एस्पोसितोला आहे. एस्पोसितो म्हणजे कोर्ट, म्हणजे शासन. तुम्ही शब्द दिला होता आणि तुम्ही मोडलात, म्हणून मी पाळतोय. हा विजय नाही हो, ही तक्रार आहे. एखादा माणूस वर्षानुवर्षं सरकारी ऑफिसात खेटे घालून शेवटी स्वतःच स्वतःच्या घरासमोरचा रस्ता बांधतो तेव्हा आपण त्याचं कौतुक जरूर करतो, पण ज्यांचं ते काम होतं त्यांना शरम वाटायला हवी हे विसरत नाही. इथे तर रस्ता नाही, इथे एका माणसाचं उरलेलं आख्खं आयुष्य गेलंय.

कारण गजाच्या कुठल्या बाजूला कोण आहे एवढंच आपण बघतो. मोरालेसकडे बघा. त्याने शहर सोडलं, माणसं सोडली, दुसरं लग्न नाही, मित्र नाही, घरी कोणाला बोलवायची सोय नाही कारण मागे शेड आहे. एक दिवस बाहेरगावी मुक्काम करता येणार नाही, आजारी पडून दवाखान्यात राहता येणार नाही, कारण त्याला दोन वेळचं जेवण कोण देणार. गोमेसशी बोलायचं नाही ठरवलं म्हणजे त्या घरात स्वतःही कोणाशी बोलायचं नाही. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये गोपाळ गोडसेच्या केसमध्ये सांगितलं होतं की जन्मठेप म्हणजे चौदा किंवा वीस वर्षं नव्हे, सरकारने सूट दिली नाही तर उरलेलं सगळं आयुष्य. त्या अर्थाने त्या घरात दोन माणसं जन्मठेप भोगतायत, आणि त्यातल्या एकाने काहीही केलेलं नाही.

यावर मामेभाऊ मला म्हणाला, मग काय करायला पाहिजे होतं त्याने? घरी बसून रडायचं? प्रश्न रास्त आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. ज्यांच्यावर वेळ येते त्यांना लांबून शहाणपण शिकवणं सोपं असतं. १३ ऑगस्ट २००४ ला नागपुरात कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादवला कोर्टाच्या आवारात, भर दिवसा संपवलं, आणि त्या बायकांना मी काय सांगू की तुम्ही चुकलात? वर्षानुवर्षं त्याने वस्तीत अत्याचार केले, तक्रारी केल्या तर पोलीस ऐकत नव्हते. तिथे माझ्या तोंडून शब्द निघत नाही. पण त्या दिवसाची बातमी म्हणून 'बायकांनी न्याय केला' एवढीच लक्षात ठेवायची की 'वस्तीने इतकी वर्षं तक्रारी केल्या आणि कोणी आलं नाही' ही लक्षात ठेवायची? पहिली लक्षात ठेवली की आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. दुसरी लक्षात ठेवली तर पोलीस स्टेशनला जाब विचारावा लागतो. टाळ्या स्वस्त पडतात.

आणि जिथे पीडित नाही तर पोलीसच परस्पर निकाल लावतात तिथे तर माझा विरोध पक्का आहे. ६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या केसमधले चार आरोपी एन्काउंटरमध्ये मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही पेढ्यांचे फोटो आले. सुप्रीम कोर्टाने माजी न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, त्याने २०२२ मध्ये सांगितलं की आरोपींना मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्या चौघांतले तिघं अल्पवयीन होते. तो अहवाल आला तेव्हा ग्रुपवर कोणी काही टाकलं नाही. त्या मुलीच्या घरच्यांना खटल्यातून जे सत्य कळायचं होतं ते आता कधीच कळणार नाही, गुन्हा नक्की कसा घडला, कोणी काय केलं. रोमानोच्या दोन मजुरांसारखंच. मेलेल्या माणसाची उलटतपासणी होत नाही.

मग मोरालेसने काय करायचं, या प्रश्नाला मला जे उत्तर सुचतं ते पिक्चरच्या बाहेर आहे, पण अर्जेंटिनातच आहे. ३० एप्रिल १९७७ ला चौदा बायका ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो चौकात, राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, आमची मुलं कुठेत एवढं विचारायला. पोलीस म्हणाले घोळका करून उभं राहायचं नाही, चालत राहा, तर त्या चौकात गोल गोल चालायला लागल्या. डोक्याला पांढरा रुमाल, जो आधी मुलांच्या लंगोटाच्या कापडाचा होता. दर गुरुवारी. त्यांना जमवणारी असुसेना विय्याफ्लोर हिलाच त्या डिसेंबरमध्ये उचललं, ती परत आली नाही, तिच्या अवशेषांची ओळख पटली २००५ ला. बाकीच्या तरीही गुरुवारी जात राहिल्या.

त्यांनाही तोच दगा झाला हो, मोरालेससारखाच. १९८५ मध्ये लष्करशहांवर खटला चालला, लष्करी नाही, साध्या नागरी कोर्टात, आणि विदेला आणि मासेरा यांना जन्मठेप झाली. जगात असं क्वचित होतं. आणि मग लगेच पाय मागे. १९८६ आणि १९८७ मध्ये असे कायदे झाले की बाकीच्या अधिकाऱ्यांवर खटलेच चालू नयेत, आणि १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष मेनेमने विदेलाला माफी देऊन सोडून दिलं. म्हणजे पिक्चरचा शेवट जिथे होतो त्या १९९९ साली अर्जेंटिनात छळ केलेले शेकडो अधिकारी बाजारात भाजी घेत हिंडत होते, आणि ज्यांची मुलं गेली त्या आया त्यांना रस्त्यात बघत होत्या. गोमेस टीव्हीवर दिसणं हे काही पटकथाकाराच्या डोक्यातून आलेलं नाही. तिकडच्या प्रेक्षकाला तो सीन काय वाटला असेल याची मला कल्पनाही करवत नाही.

पण त्यांनी शेडमध्ये गज बसवले नाहीत. गायब झालेल्यांची मुलं मोठी झाली, त्यांनी त्या अधिकाऱ्यांच्या घरांसमोर जाऊन भिंती रंगवल्या, शेजाऱ्यांना सांगितलं की तुमच्या बिल्डिंगमध्ये खुनी राहतो. गायब झालेल्यांची बाळं लष्करी राजवटीत चोरली गेली होती, ती नातवंडं शोधायला आज्यांनी रक्ताच्या चाचण्यांपासून डीएनएपर्यंत सगळं कामाला लावलं आणि शंभराहून जास्त नातवंडं शोधली. वकील परत परत अर्ज करत राहिले. २००३ मध्ये संसदेने ते कायदे रद्द केले, २००५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवले, खटले परत उभे राहिले. विदेलाला डिसेंबर २०१० मध्ये पुन्हा जन्मठेप झाली आणि मे २०१३ मध्ये तो तुरुंगातच मेला, सरकारच्या तुरुंगात, ज्याचा हिशेब आहे, जिथे वकील भेटायला येऊ शकत होता. पहिल्या गुरुवारपासून छत्तीस वर्षं. कितीतरी आया तोवर वारल्या होत्या, हे मी लपवत नाहीये. पण त्यांच्या नातवंडांना आज खटल्याची कागदपत्रं वाचता येतात, साक्षी वाचता येतात, काय झालं ते नावानिशी माहितीये. मोरालेसच्या शेडमध्ये जे झालं त्याचा एक कागद नाही.

म्हणून मला वाटतं काम्पानेया आणि साचेरीने तो शेवट टाळ्यांसाठी केलेलाच नाही. एस्पोसितोचा चेहरा बघा, तो गोठलेला आहे. तो मोरालेसला शाबासकी देत नाही, गोमेसला सोडवतही नाही, बोलतच नाही काही, वळतो आणि निघून जातो. तो सुटतो ते वेगळ्या गोष्टीतून. रात्री झोपेतून उठून त्याने कागदावर एक शब्द खरडलेला असतो, 'तेमो', म्हणजे 'भीती वाटते', आणि त्याच्या जुन्या टाइपरायटरची ए ही कळ कायम बिघडलेली. मोरालेसकडून परत आल्यावर तो त्या शब्दात पेनने मधे ए घालतो, 'ते आमो', माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि पंचवीस वर्षं जे बोलला नाही ते बोलायला इरेनेकडे जातो. गजाआडची दोन माणसं बघून त्याला कळतं की आपणही त्याच केसमध्ये अडकून पडलोय.

हे पटत नसेल तर २०१५ चा हॉलिवूडचा रिमेक बघा, नाव तेच. ९/११ नंतरचं लॉस एंजेलिस, नवऱ्याच्या जागी आई, ज्युलिया रॉबर्ट्स. शेवटी तिच्याही कैदेत खुनी सापडतो, पण मग नायक तिच्याजवळ पिस्तूल ठेवून बाहेर खड्डा खणायला जातो आणि आतून गोळीचा आवाज येतो. झालं. एका गोळीत सगळं मिटलं, ज्याने शब्द मोडला ते सरकारही सुटलं, प्रेक्षकही घरी जायला मोकळा. मूळ पिक्चर तुम्हाला मोकळं सोडत नाही, गोमेस अजून जिवंत आहे आणि उद्या सकाळी मोरालेसला परत त्याचं जेवण न्यायचंय.

त्या रविवारी सगळे गेल्यावर मी चहाचे कप उचलत होतो तर आत्या अजून तिथेच बसलेली, टीव्ही बंद करून. मी विचारलं, आवडला नाही का गं? ती म्हणाली, "आवडला रे. पण तो बँकेतला आता म्हातारा झालाय ना. तो गेला की त्या दुसऱ्याला जेवायला कोण घालणार? कोणाला माहीतच नाही तो तिथे आहे म्हणून."